अभ्यासाचा ब्रेक आणि रील्स

मुलं मोबाईल किती तास बघतात यावरून घरोघरी वाद होतात, पण कधी बघतात हे फारसं कोणी विचारत नाही. मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

कारण धडा वाचून झाला म्हणजे तो डोक्यात पक्का बसला असं नसतं, पुस्तक मिटल्यावरही मेंदूत त्याचं काम चालूच असतं. १९०० साली म्युलर आणि पिल्झेकर या जर्मन संशोधकांनी लोकांना अर्थ नसलेले शब्द पाठ करायला लावले, तर पहिल्या यादीनंतर लगेच दुसरी दिली की पहिली जास्त विसरायला व्हायची आणि मध्ये काही मिनिटं मोकळी गेली की बरीच लक्षात राहायची. मग २०१२ मध्ये मिकाएला ड्यूअर आणि सहकाऱ्यांनी लोकांना छोट्या गोष्टी ऐकवल्या, एका गोष्टीनंतर १० मिनिटं डोळे मिटून नुसतं बसायचं आणि दुसरीनंतर १० मिनिटं चित्रांमधले फरक शोधायचा गेम, आणि नुसतं बसण्याआधी ऐकलेली गोष्ट ७ दिवसांनीही जास्त आठवत होती! त्यात भाग घेणारे विद्यार्थी नव्हते, वयस्कर होते, हे खरं, पण मुद्दा विद्यार्थ्यांनीही विचार करावा असाच आहे.

आता आपला ब्रेक बघा. तासभर फिजिक्स केलं की हात आपोआप मोबाईलकडे जातो आणि पाच मिनिटांत डान्स, क्रिकेट, भांडणं, रेसिपी असं काय काय डोळ्यांसमोरून जातं. आपल्याला वाटतं आराम झाला, पण मेंदूला नवीन माल येतच राहिला ना. त्यात पुढचा व्हिडिओ कसा निघेल ते माहीत नसतं, आणि अनपेक्षित काही चांगलं मिळालं की मेंदूतल्या डोपामिनच्या (हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या रसायनाच्या) पेशी जास्त जोरात काम करतात, त्यामुळे थांबणं खरंच अवघड जातं, याला मुलांचा आळस म्हणणं मला पटत नाही.

म्हणून करमणूक बंद करू नका, फक्त जरा सरकवा. छोट्या ब्रेकमध्ये पाणी प्या, गच्चीत जा, काहीच करू नका. मॅच, गेम, सिरीज अभ्यास पूर्ण संपल्यावर, निवांत, अपराधी न वाटता.

फक्त रात्री उशिरा नको. किशोरवयात ८ ते १० तास झोप लागते आणि दिवसभर शिकलेलं पक्कं व्हायचं बरंचसं काम झोपेतच होतं, मग एपिसोड बघायचाच तर संध्याकाळी बघून घ्या आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.