कॉलेज बास्केटबॉलची भरती आणि तिचा माग ठेवणारे चाहते

अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघांत येत्या एक-दोन वर्षांत हायस्कूलमधून कोण येणार, याचा चाहते सतत माग ठेवतात. तिकडे या सगळ्या खटाटोपाला ‘रिक्रूटिंग’ आणि त्या शाळकरी खेळाडूला ‘रिक्रूट’ म्हणतात. कॉलेजचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिलचा पहिला आठवडा एवढाच. उरलेले महिने चाहते रिक्रूटिंगच्या बातम्यांवर काढतात. मुंबईत हॅरिस किंवा गाइल्स शील्ड खेळणाऱ्या एखाद्या पोरावर मैदानावरच्या जाणत्यांची नजर असते, तसाच काहीसा हा प्रकार. फरक असा, की इथे त्याच पोरासाठी पंधरा-वीस विद्यापीठे एकमेकांवर चढाओढ करत असतात आणि त्या चढाओढीच्या बातम्या पैसे मोजून वाचणारे वर्गणीदारही असतात.

बास्केटबॉलमध्ये ही ओढ जास्त असण्याचे कारण साध्या हिशोबात आहे. कोर्टवर एका वेळी पाचच जण खेळतात. डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या, पुरुष संघाला २०२४-२५ पर्यंत १३ शिष्यवृत्त्या देता येत. खेळाडूंना उत्पन्नात वाटा देणाऱ्या विद्यापीठांना २०२५-२६ पासून ही अट उठून संघात जास्तीत जास्त १५ खेळाडू अशी मर्यादा आली. एवढ्या लहान संघात एक चांगला मुलगा आला तरी वर्षाचे चित्र पालटते. मिशिगन विद्यापीठाने १९९१ साली ख्रिस वेबर, जेलन रोझ, जुवान हॉवर्ड, जिमी किंग आणि रे जॅक्सन हे पाच जण एकाच बॅचमध्ये घेतले आणि हा संघ १९९२ व १९९३ अशा सलग दोन वर्षी अंतिम सामन्यात पोहोचला.

या वेडाचे मूळ इंडियाना आणि केंटकी या राज्यांत सर्वांत घट्ट आहे. इंडियानातील डेमन बेली आठवीत असतानाच इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉब नाइट त्याला पाहायला गेले होते. तेव्हापासून राज्यभर त्याच्या नावाची चर्चा सुरू झाली. १९९० साली हूझियर डोम या स्टेडियममध्ये राज्याचा अंतिम हायस्कूल सामना ४१,०४६ प्रेक्षकांनी पाहिला. बेलीच्या बेडफर्ड नॉर्थ लॉरेन्सने कॉनकॉर्डला ६३–६० असे हरवले आणि संघाचे शेवटचे ११ गुण एकट्या बेलीने केले. पुढे चार वर्षे तो इंडियानाकडूनच खेळला. त्या काळी माहितीची साधने तुटपुंजी होती. हॉवर्ड गार्फिंकेल यांनी १९६०च्या दशकात सुरू केलेल्या पत्रकासारखी टिपणे प्रशिक्षकांसाठी निघत. पुढे मिनिटाला पैसे आकारणाऱ्या टेलिफोन-लाइन आल्या, फोन फिरवला की ताजी रिक्रूटिंगची बातमी ऐकू येई. १९९०च्या दशकाअखेरीस रिव्हल्स आणि नंतर २४७स्पोर्ट्स, ऑनथ्री यांसारख्या संकेतस्थळांच्या सेवा आल्या, तेव्हा हा गावोगावचा छंद देशभराचा धंदा झाला.

खेळाडूंची बॅच ओळखली जाते ती बारावी होण्याच्या वर्षावरून. ‘२०२७चा मुलगा’ म्हणजे २०२७च्या उन्हाळ्यात शाळा संपवणारा. अभ्यासक्रम लवकर उरकून एक वर्ष पुढच्या बॅचमध्ये उडी मारता येते, तिला ‘रीक्लास’ म्हणतात. मेन राज्यातील कूपर फ्लॅगने २०२५ सोडून २०२४ची बॅच धरली, एक वर्ष ड्यूक विद्यापीठाकडून खेळला आणि एनबीए या व्यावसायिक लीगच्या २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. उलट, एक वर्ष जास्त शाळेत काढून मागे येणारेही बरेच असतात. म्हणून कोणतीही यादी वाचताना मुलाचे वय आधी पाहावे. एकोणीस वर्षांचा बारावीतला मुलगा सतरा वर्षांच्यांपुढे दांडगा दिसणारच.

मुलाचा खेळ पाहायचा कुठे? शाळेच्या हंगामात डिसेंबर ते मार्च. जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डला होणारी हूपहॉल क्लासिक यासाठी सोयीची, कारण माँटव्हर्ड, आयएमजी, लिंक अशा निवडक खेळाडू जमवणाऱ्या अकादम्या तिथे एकमेकींशी भिडतात. पण खरी पारख होते ती एप्रिल आणि जुलैमधल्या बूट-कंपन्यांच्या साखळी स्पर्धांत. नायकेची ईवायबीएल, आदिदासची थ्रीएसएसबी आणि अंडर आर्मरची यूएए या मोठ्या साखळ्या. ईवायबीएलचा शेवट जुलैत साउथ कॅरोलायनातील नॉर्थ ऑगस्टाला ‘पीच जॅम’ने होतो. प्रशिक्षकांना अशा स्पर्धांत जाऊन बसायला एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, ठरावीक दिवस नेमून दिलेले असतात. त्या दिवसांत बाकांवर कोण बसले आहे हे पाहणे चाहत्यांना सामन्याइतकेच महत्त्वाचे वाटते. सहायक प्रशिक्षक एकदा येऊन गेला तर ती चाचपणी. मुख्य प्रशिक्षक एकाच मुलाचे सलग तीन सामने पहिल्या रांगेतून पाहत असेल, तर विद्यापीठाचा बेत पक्का आहे असे समजायला हरकत नाही.

क्रमवारीबद्दल गैरसमज फार. या सेवा मुलांना तारे देतात, ते पाचपर्यंत, आणि पाच ताऱ्यांचे खेळाडू एका बॅचमध्ये साधारण वीस ते तीस. निरनिराळ्या सेवांच्या क्रमवाऱ्या एकत्र करून ०.९९८० अशा स्वरूपाचा संयुक्त गुणांक काढतात, आणि नेटाने वाचायचा तो हाच. पहिल्या आणि दहाव्या क्रमांकातील अंतर खरोखरचे असते. साठाव्या आणि नव्वदाव्यात जवळजवळ नसते. तिथे ‘आपला मुलगा वीस जागांनी घसरला’ म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. दहावीतली क्रमवारी तर वाढत्या अंगाची असते. अँथनी डेव्हिस शिकागोच्या एका लहान शाळेत शिकताना सुमारे आठ इंचांनी वाढला. २०१०च्या वसंतापर्यंत मोठ्या विद्यापीठांना त्याचे नाव ठाऊक नव्हते आणि दोन वर्षांनी त्याने केंटकीला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. पुढे एनबीए गाजवणाऱ्या स्टेफ करीचेही असेच: मोठ्या विद्यापीठांनी शिष्यवृत्ती देऊ केली नाही म्हणून तो डेव्हिडसन या लहान कॉलेजात गेला.

आकड्यांत फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. हायस्कूलचा सामना ३२ मिनिटांचा, कॉलेजचा ४०. हायस्कूलची तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर, कॉलेजच्या पुरुषांची २०१९-२० पासून २२ फूट पावणेदोन इंचांवर. म्हणजे शाळेत ४० टक्के तीन-गुणी मारणारा मुलगा सव्वादोन फुटांहून अधिक मागे सरकून तेवढेच मारेल, हे गृहीत धरता येत नाही. अशा वेळी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकी, पाहाव्यात. ती रेषा दोन्हीकडे १५ फुटांवरच असते आणि त्या टक्केवारीवरून हाताचा अंदाज जास्त भरवशाचा येतो. शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटकडे फेक करण्याची मुदत मोजणारे घड्याळ, कॉलेजात ३० सेकंदांचे. हायस्कूलमध्ये ते काही राज्यांत आहे, काहींत नाही. छापील उंची बहुधा बुटांसकट आणि वर एखादा इंच ‘सढळ’ असते. आणि निवडक क्षणांची चित्रफीत म्हणजे फक्त आत गेलेले बॉल. पूर्ण सामना मिळाला तर चेंडू हातात नसताना मुलगा काय करतो, स्वतःची चूक झाल्यावर बचावाला धावतो का, डाव्या हाताने बास्केटकडे जातो का, एवढे तीन प्रश्न पुरेत.

बातम्यांची मुख्य अडचण वेगळीच आहे. ज्याला खरे माहीत असते त्याला बोलायची मुभा नसते. करारावर सही होईपर्यंत प्रशिक्षकाने कोणत्याही रिक्रूटबद्दल जाहीरपणे बोलू नये, असा एनसीएएचा नियम आहे. मग बोलतात ते मुलाचे घरचे लोक, साखळी संघाचा प्रशिक्षक, आणि या दोघांशी संबंध राखून असलेले वार्ताहर. प्रत्येकाचा आपापला मतलब असतो. ‘अमुक विद्यापीठाने ऑफर दिली’ ही बातमी बहुतेक वेळा मुलगाच देतो. ती ऑफर तोंडी असते, कोणावर बंधनकारक नसते, आणि वर्षभरात त्या विद्यापीठाला त्याच जागेवर दुसरा गार्ड (चेंडू पुढे नेणारा खेळाडू) मिळाला तर ती न सांगता विरून जाते. तीस ऑफरांच्या यादीतल्या निम्म्या अशा मेलेल्या असू शकतात. यादी मोठी दिसली म्हणजे मागणी मोठी, असे नाही.

त्यापेक्षा मुलाने विद्यापीठांना दिलेल्या भेटी बोलक्या. ‘ऑफिशियल’ भेटीचा खर्च विद्यापीठ करते, ‘अनऑफिशियल’चा कुटुंब. पूर्वी एका मुलाला मोजक्याच ऑफिशियल भेटी घेता येत. जुलै २०२३ पासून ही मर्यादा उठली, त्यामुळे एकट्या भेटीचे वजन थोडे उतरले आहे. तरी शेवटची भेट कोणाची आणि तिच्यासोबत आई-वडील गेले का, हे चाहते बारकाईने पाहतात. कॅन्ससचा ‘लेट नाइट इन द फॉग’ किंवा केंटकीचा ‘बिग ब्लू मॅडनेस’ असे हंगामाच्या उंबरठ्यावरचे कार्यक्रम मुद्दाम या पाहुण्यांसाठी सजतात; गर्दी नावाने घोषणा देते, आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा लाजून हसत बसलेला असतो.

मुलगा कुठे जाईल याचे वार्ताहरांचे अंदाज, उदाहरणार्थ २४७स्पोर्ट्सचे ‘क्रिस्टल बॉल’, वाचण्याचीही एक रीत आहे. एखाद्या विद्यापीठाचेच वार्तांकन करणाऱ्याने आपल्या बाजूने दिलेला एकटा अंदाज फारसा जमेस धरू नये. दोन प्रतिस्पर्धी विद्यापीठांचे वार्ताहर एकाच दिवशी एकाच नावाकडे वळले, तर गोष्ट ठरली आहे.

मग येतो ‘कमिट’ होण्याचा, म्हणजे एका विद्यापीठाला होकार जाहीर करण्याचा, दिवस. टेबलावर चार-पाच विद्यापीठांच्या टोप्या मांडायच्या आणि त्यांतली एक उचलून डोक्यावर ठेवायची, ही रूढ पद्धत. एजे डिबांत्साने १० डिसेंबर २०२४ रोजी थेट ईएसपीएनच्या कार्यक्रमात ब्रिगम यंग विद्यापीठाचे नाव जाहीर केले. पण कमिट होणे हेही तोंडीच. बंधन येते ते नोव्हेंबरमधल्या लवकरच्या मुदतीत किंवा वसंतातल्या मुदतीत सही झाल्यावर. १९६४ पासून चालत आलेले ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाले. आता आर्थिक साहाय्याच्या करारावरच सही होते.

सहीनंतरही दोन धोके उरतात. एक, प्रशिक्षक जातो. एप्रिल २०२४ मध्ये जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्सॉला गेले आणि केंटकीला येऊ घातलेले काही रिक्रूट त्यांच्यामागे गेले. नव्या प्रशिक्षकाला जवळजवळ सगळा संघ नव्याने उभारावा लागला. मुलगा बहुधा माणसाला होकार देतो, विद्यापीठाला नाही, हे चाहत्यांना दर वेळी नव्याने जड जाते. दुसरा धोका पात्रतेचा. डिव्हिजन वनसाठी १६ ठरावीक विषय आणि त्यांत चारपैकी किमान २.३ ची सरासरी लागते. परदेशातल्या क्लबकडून घेतलेले पैसेही आड येत: २०१०-११ मध्ये तुर्कस्तानचा एनिस कँटर या कारणाने केंटकीकडून एकही सामना खेळू शकला नाही.

चाहता स्वतःही नियमांच्या कक्षेत येऊ शकतो, याची कल्पना अनेकांना नसते. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला देणगी देणारा ‘बूस्टर’ ठरतो, आणि एकदा ठरला की कायमचा. बूस्टरने रिक्रूटला पत्र, फोन, संदेश किंवा भेटवस्तू देऊन आपल्या विद्यापीठाकडे ओढणे निषिद्ध मानले गेले. २००९ मध्ये जॉन वॉल या रिक्रूटने आपल्याकडे यावे म्हणून नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या एका विद्यार्थ्याने फेसबुकवर गट काढला, तर विद्यापीठानेच त्याला तो थांबवायला लेखी कळवले. वॉल केंटकीला गेला. या नियमामागे जुने कटू अनुभव आहेत. मिशिगनच्या वेबरसह चार खेळाडूंना एड मार्टिन नावाच्या बूस्टरने सुमारे ६,१६,००० डॉलर दिल्याचे उघडकीस आले आणि विद्यापीठाला १९९२ व १९९३च्या त्या अंतिम फेऱ्यांचे फलक उतरवावे लागले. म्हणून साधा दंडक: खेळाडूच्या खात्यावर काही लिहू नये, आणि त्याने दुसरे विद्यापीठ निवडले, तर अजिबातच नाही. निकालाच्या रात्री शाळकरी मुलाला शिव्या घालणारे चाहते हा या छंदाचा सर्वांत लाजिरवाणा भाग आहे.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, म्हणजे जाहिराती वगैरेंतून, पैसे घेता येऊ लागले. चाहत्यांनी वर्गणी काढून चालवलेले ‘कलेक्टिव्ह’ उभे राहिले आणि बूस्टरची जुनी रेषा पुसट झाली. जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या हाउस खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षासाठी सर्व खेळांना मिळून सुमारे २०.५ दशलक्ष डॉलरपर्यंत. त्याहून मोठा फरक ट्रान्सफर पोर्टलने, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीने, केला. एप्रिल २०२४ पासून खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलू शकतो आणि तरी लगेच खेळू शकतो. अठरा वर्षांच्या नवख्यापेक्षा बावीस वर्षांचा तयार गडी प्रशिक्षकांना बरा वाटतो. २०२५च्या विजेत्या फ्लोरिडाचा म्होरक्या वॉल्टर क्लेटन ज्युनियर आधी आयोना विद्यापीठात खेळत होता. याचा फटका पाच तारेवाल्यांना बसत नाही. पन्नासाव्या ते दीडशेव्या क्रमांकाच्या मुलांना बसतो, त्यांना पूर्वीसारख्या मोठ्या ऑफर येत नाहीत.

मुरलेला चाहता म्हणून आता एक तक्ता ठेवतो: १५ ओळी, प्रत्येकीत खेळाडू, त्याची उरलेली वर्षे आणि खेळण्याची जागा. शेवटच्या वर्षातले आधी खोडायचे, एनबीएला नाव दिलेले पेन्सिलीने, कारण ते मुदतीआधी माघार घेऊ शकतात. मग पोर्टलमध्ये गेलेले. उरलेल्या रिकाम्या ओळींत किती गार्ड आणि किती उंच खेळाडू लागतात हे पाहिले, की कोणत्या रिक्रूटची बातमी खरी असण्यासारखी आहे ते बऱ्याचदा आपोआप कळते. एका जागेसाठी तीन गार्डांची नावे चर्चेत असतील, तर दोघांच्या बाबतीत विद्यापीठ फक्त दार उघडे ठेवून आहे. तक्ता एप्रिल-मेमध्ये रोज बदलतो, आणि वर्ग सुरू होईपर्यंत तो शाईने भरू नये.