आयकॉन म्हणजे चित्र नव्हे, आकडे!

एखादी इंग्रजी साइट ब्राउझरमधून मराठीत करून बघा. कधीकधी घराच्या चिन्हाच्या जागी चक्क शब्द उमटतो आणि बटणाच्या बाहेर लोंबत राहतो. मग कुणीतरी म्हणतंच, व्हायरस लागला. व्हायरस-बियरस काही नाही हो. गूगलचे मटेरियल आयकॉन वापरले असतील तर पानावर बहुतेक वेळा 'होम' (home) हा साधा इंग्रजी शब्दच लिहिलेला असतो, आणि त्या आयकॉनच्या फॉन्टमध्ये नियम असतो की ही चार अक्षरं ओळीने आली की तिथे घर काढ. आपण क, हलन्त आणि ष टाइप केलं की क्ष दिसतो ना, तसाच फॉन्टमधला अदलाबदलीचा नियम. भाषांतर यंत्र शब्द बदलून मोकळं होतं, आणि मराठी शब्दासाठी त्या फॉन्टात नियमच नाही. पानाच्या कोडमध्ये त्या शब्दाच्या टॅगवर 'ट्रान्सलेट नो' (translate="no") लिहिलं की भागतं.

म्हणून आता बरेच जण फॉन्ट सोडून एसव्हीजीकडे वळलेत. एसव्हीजी म्हणजे नुसती रेघांची माहिती, इथून तिथपर्यंत रेघ ओढ, इथे वळ. फेदर नावाच्या लायब्ररीतून, म्हणजे तयार आयकॉनच्या संचातून, २०२० मध्ये फुटून निघालेली ल्युसिड घ्या. तिचा प्रत्येक आयकॉन २४ बाय २४ च्या चौकटीत, रेघेची जाडी २, टोकं गोल, आणि रंग 'करंटकलर', म्हणजे शेजारच्या अक्षरांचा जो रंग तोच. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, स्वेल्ट, अँग्युलर ही वेब अ‍ॅप बांधायची फ्रेमवर्क, या सगळ्यांसाठी तिची वेगवेगळी पॅकेजेस आहेत, पण आतले आकडे तेच, वेष्टन फक्त बदलतं. त्यामुळे "नव्या फ्रेमवर्कमध्ये आयकॉन जास्त शार्प दिसतात" वगैरे कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

मग एकाच कंपनीच्या दोन अ‍ॅपमध्ये आयकॉन वेगळे का दिसतात? एका टीमने ल्युसिड घेतलं, दुसरीने हीरोआयकॉन्स ही वेगळी लायब्ररी, जिच्या आउटलाइन आयकॉनची रेघ १.५ जाडीची, हे तर झालंच. पण लायब्ररी एकच असली तरी घोळ होतो आणि मला खरी गंमत इथेच वाटते. ते २ म्हणजे स्क्रीनवरचे २ पिक्सेल नव्हेत, ते २४ च्या चौकटीतले २. आयकॉन १६ पिक्सेलचा केला की रेघ २ × १६ ÷ २४ म्हणजे १.३३ पिक्सेल होते, आणि पाऊण-पाव पिक्सेल काही पेटवता येत नाही, मग साध्या स्क्रीनवर कडेचे पिक्सेल अर्धवट रंगतात आणि आयकॉन पुसट दिसतो. तोच ४८ चा केला की रेघ ४ पिक्सेल, एकदम जाडजूड. ल्युसिडमध्ये यासाठी 'अ‍ॅब्सोल्यूट स्ट्रोक विड्थ' आहे, तो जाडीला २४ भागिले साइझने गुणतो, म्हणजे ४८ साठी चौकटीतली जाडी १ होते, १६ साठी ३, आणि स्क्रीनवर दोन्हीकडे २ च उरते. पण हे एका टीमने चालू केलं आणि दुसरीने नाही केलं, तर बोंबला! म्हणून साइझ, जाडी आणि रंग एकाच सामायिक फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये स्वतःचा छोटा आयकॉन कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचा कोडचा तुकडा) करून तिथूनच वाचा.

कंपन्यांचे लोगो मात्र या हिशोबात कोंबू नका. त्यांचे आकार आणि रंग त्यांच्या त्यांच्या नियमांनी ठरतात, ल्युसिडवाले म्हणूनच नवे लोगो घेतच नाहीत.