व्हिझ. मधला झेड आला कुठून?

टेंडरची नोटीस, कोर्टाचा कागद नाहीतर सरकारी ऑफिसचं इंग्रजी पत्र घ्या, त्यात कुठेतरी 'व्हिझ.' (viz.) हमखास सापडतं. 'खालील कागदपत्रं जोडावीत, व्हिझ.' आणि पुढे यादी. आपण अंदाजाने अर्थ लावतो आणि पुढे सरकतो. पण हे एक क्रियाविशेषण आहे आणि गंमत म्हणजे मूळ शब्दात झेड औषधालासुद्धा नाही!

मूळ शब्द लॅटिन, 'विदेलिकेत', इंग्रजीत त्याचं 'व्हिडेलिसेट' झालं. 'विदेरे' म्हणजे बघणं आणि 'लिकेत' म्हणजे मुभा आहे, दोन्ही चिकटले आणि अर्थ झाला 'बघायला हरकत नाही', त्यावरून 'उघडच आहे', आणि घसरत घसरत शेवटी 'म्हणजेच'. लायसन्स याच लिकेतच्या घराण्यातला, व्हिडिओ विदेरेचा. आणि विदेरे तर आपल्या वेद-विद्यावाल्या 'विद्' धातूचा सख्खा नातेवाईक, दोघांचं इंडो-युरोपियन मूळ एकच, तिकडे बघणं राहिलं आणि इकडे जाणणं झालं.

आता झेड. मध्ययुगात युरोपात पुस्तकं हाताने लिहायचे, तीही बहुतेक चामड्यावर, म्हणजे जागा महाग आणि हातही दुखणार, त्यामुळे लेखनिकांनी ढीगभर शॉर्टकट काढले होते. शब्दाच्या शेवटच्या 'एत'साठी ते साधारण आपल्या ३ सारखी दिसणारी एक खूण करायचे. विदेलिकेतचं झालं 'वि' आणि पुढे ती खूण, संपला विषय. मग १५व्या शतकात छापखाने आले, आणि त्या खुणेच्या जागी तिच्यासारखा दिसणारा झेडचा खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, बसला तो कायमचाच. स्कॉटलंडमधे पण सेम प्रकार, तिथल्या 'योख' नावाच्या जुन्या अक्षराच्या जागी झेड छापला गेला, म्हणून मेन्झीज असं लिहिलेल्या आडनावाचा जुना उच्चार आजही 'मिंगिस' होतो.

म्हणूनच जाणकार इंग्रज मोठ्याने वाचताना व्हिझ म्हणत नाहीत, सरळ 'नेमली' (namely, म्हणजेच) म्हणतात. आपल्याकडे व्हिझच चालतं, चालू दे. पण 'उदा.' आणि हे एक नाही बरं का, उदा. नंतर फक्त नमुने येतात, व्हिझ. नंतर अख्खी यादी. नोटिशीत व्हिझ. लिहून चार कागद मागितले असतील तर चारच द्यायचे, खिडकीवरच्या साहेबांनी पाचवा मागितला तर त्यांना नोटीस दाखवायची.