शाळेचा शिपाई: आचारसंहिता आली, पद गेले

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराचे प्रकरण उघड झाले आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सीसीटीव्ही, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांची चर्चा घरोघरी पोचली. ही समिती नेमण्याचा शासन निर्णय मात्र मार्च २०२२ मध्येच निघाला होता.

शिपाई, लिपिक, प्रयोगशाळा परिचर यांचे शाळेतले स्थान काय, हा प्रश्न त्याहून बराच जुना आहे. १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला की शिक्षण हा उद्योग नव्हे. त्यात मुख्य काम शिक्षकांचे, बाकीच्यांचा वाटा दुय्यम. त्यामुळे चालकांना मालक-कामगार वादांसाठीच्या औद्योगिक विवाद कायद्याचा आधार मिळाला नाही. ‘उद्योगा’ची व्याख्या व्यापक करणाऱ्या १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच हा निकाल रद्द ठरवला.

महाराष्ट्रात तोवर खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा झाला होता आणि १९८१ मध्ये त्याची नियमावली आली. माझ्या मते या विषयातला सर्वांत न्याय्य टप्पा हाच. शिक्षकांबरोबर शिक्षकेतरांनाही कर्तव्ये आणि आचारसंहिता लागू झाली, पण त्यासोबत संरक्षणही मिळाले. दोन वर्षांच्या परिवीक्षेनंतर, म्हणजे चाचणी काळानंतर, कायम नेमणूक. चौकशीशिवाय बडतर्फी नाही. चौकशी समितीच्या तीन सदस्यांपैकी एक खुद्द कर्मचाऱ्याने सुचवलेला. त्यावरही अन्याय झाला असे वाटले तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद. संस्थाचालकांच्या मर्जीवर नोकरी टिकवणाऱ्या शिपायासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली, २०१२ मध्ये मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा आला, तर २०१३ च्या कायद्याने शाळेतल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी लैंगिक छळाच्या तक्रारीची समिती बंधनकारक झाली. जबाबदारी योग्य कारणांसाठीच वाढली.

पण डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपायाची पदे यापुढे नियमित वेतनावर न भरता शिपाई भत्ता देण्याचे ठरले: मुंबई-पुण्यात महिना १० हजार, इतर महापालिका हद्दीत साडेसात हजार, ग्रामीण भागात ५ हजार रुपये. मुलांच्या सर्वांत जवळ वावरणाऱ्या माणसाची पडताळणी व्हायलाच हवी. मात्र आचारसंहितेच्या जोडीने १९८१ मध्ये आलेली नोकरीची हमी या भत्त्यावरच्या माणसाला मिळत नाही, आणि बदलापूरनंतरच्या आदेशांत भर राहिला तो कॅमेरे आणि पडताळणीवरच.