कोन्याक आणि आपली ब्रँडी: सायडकार नेमका कशाचा करायचा?

सायडकार नावाचं कॉकटेल घरी करायचं म्हटलं की पहिली अडचण बाटलीची. कृतीत लिहिलेलं असतं कोन्याक, म्हणजे आपण कॉग्नॅक म्हणतो ती. शाहूपुरीतल्या नाहीतर राजारामपुरीतल्या दुकानात जाऊन विचारलं, तर काउंटरवरचा पोरगा निर्धास्तपणे सांगतो, "कॉग्नॅक न्हाई ओ, ही ब्रँडी न्या की. तेच असतंय ते." बाटलीवर सोनेरी अक्षरांत व्हीएसओपी, खाली एखादं फ्रेंच वाटणारं नाव, आत झकास तांबूस रंग. गिऱ्हाइकाला पटतं. मग घरी लिंबू पिळून, बर्फ घालून, हलवून जे तयार होतं त्याला खोकल्याच्या औषधाचा वास येतो आणि दोष मात्र सायडकारच्या माथी जातो.

पोरगा अगदीच खोटं बोलत नाही. कोन्याक ही ब्रँडीच. द्राक्षाची वाइन करायची, ती भट्टीत उकळून तिची वाफ थंड करायची, जे गळेल ते लाकडी पिंपात मुरवायचं, की झाली ब्रँडी. फ्रान्सच्या पश्चिमेला शारांत नदीच्या खोऱ्यात कोन्याक नावाचं गाव आहे. त्या गावाभोवतीच्या ठरलेल्या हद्दीत, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या ब्रँडीलाच तेवढं कोन्याक म्हणता येतं. हे कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. चप्पल कुठेही शिवता येते, पण कोल्हापुरी म्हणायला ती महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांतलीच लागते. २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल आपलं नावही न घेता चालवली, तेव्हा आपल्याकडे किती आग झाली ते आठवा. कोन्याकवाले याबाबतीत आपल्याहून तिखट. त्यांनी हद्द १९०९ मध्येच आखून घेतली आणि १९३६ मध्ये नियम पक्के केले.

म्हणजे कोन्याक आणि ब्रँडी यांत फरक फक्त गावाचा, असं वाटेल. फ्रान्स, स्पेन किंवा इटलीतल्या द्राक्षाच्या ब्रँडीशी तुलना करत असाल तर बऱ्याच अंशी ते खरंही आहे. आपल्या दुकानातल्या बाटलीशी तुलना करायची झाली तर प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे मुळात कच्चा मालच बदलतो.

आधी तिकडची गोष्ट. कोन्याकसाठी जवळजवळ सगळीकडे उन्यी ब्लां हे पांढरं द्राक्ष लावतात. त्याची वाइन आंबट, पातळ, जेमतेम ९ टक्के अल्कोहोलची. प्यायला तिच्यात काही मजा नाही, पण भट्टीसाठी तोच आंबटपणा कामाचा. तांब्याच्या भांड्यात ती दोनदा गाळतात. पहिल्या वेळी ३० टक्क्यांच्या आसपासचा गढूळसर अर्क मिळतो. दुसऱ्या वेळी सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून फक्त मधला ठेवतात, तो ७० टक्क्यांच्या घरात असतो. साधारण ९ लिटर वाइनमधून १ लिटर अर्क येतो. तांबं तिथे हौसेपायी नाही. वाइनमधली गंधकाची घाण ते धरून ठेवतं आणि द्राक्षाचा वास पुढे जाऊ देतं. त्यानंतर ओकच्या पिंपात किमान दोन वर्षं मुरवायचं. दरवर्षी पिंपातला थोडा अर्क लाकडातून उडून जातो आणि त्या वाफेवर एक काळी बुरशी पोसते. गोदामांच्या भिंती, कौलं, आजूबाजूची झाडंसुद्धा काजळी धरल्यासारखी काळी पडतात. कुठल्या घरात माल मुरतोय हे तिथे बाहेरूनच कळतं.

बाटलीवरच्या अक्षरांना तिकडे कायद्याचा अर्थ आहे. व्हीएस म्हणजे मिश्रणातला सगळ्यात कोवळा अर्क किमान २ वर्षांचा, व्हीएसओपी म्हणजे ४, आणि एक्सओ म्हणजे २०१८ पासून १० वर्षांचा. आपल्याकडच्या ब्रँडीवर हीच अक्षरं छापलेली दिसली तर त्यातून वर्षं मोजू नका.

आता आपली गोष्ट, आणि ही तर कोल्हापूर जिल्ह्याच्या अंगणातलीच. आपल्याकडे खपणाऱ्या बहुतेक ब्रँडीचा पाया द्राक्ष नसून न्यूट्रल स्पिरिट असतो. ते मळीपासून किंवा धान्यापासून काढतात. एक टन ऊस गाळला की साखरेबरोबर साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. टनभर मळी आंबवून गाळली तर सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल हाती येतं. हे काम तांब्याच्या भांड्यात नाही, उंच कॉलममध्ये चालतं, आणि अल्कोहोल ९६ टक्क्यांपर्यंत नेतात. इतकं शुद्ध झालं की त्यात उसाचा वास उरत नाही, कशाचाच उरत नाही. त्यातच त्याची सोय आहे. मग पाणी घालून ते ४२.८ टक्क्यांवर आणायचं, थोडा द्राक्षाचा अर्क, कॅरॅमलचा रंग आणि स्वाद मिसळायचा. व्हिस्कीचा स्वाद घातला असता तर तेच व्हिस्की म्हणून विकलं गेलं असतं. तीच मळी आता इथेनॉल होऊन पेट्रोलच्या टाकीतही जाते, त्यामुळे आपल्या उसाला कमी लेखायचं काही कारण नाही. फक्त त्याला द्राक्ष म्हणू नये एवढंच.

गंमत अशी की शेजारच्या सांगली जिल्ह्यात द्राक्षांचे मळेच्या मळे आहेत, पण तासगावचा माल जातो खायला आणि बेदाण्याला. ती द्राक्षं गोड, बिनबियांची, टेबलावर मांडायची. भट्टीला लागतं नेमकं उलट, आंबट आणि बेचव.

सगळी भारतीय ब्रँडी एका माळेची नाही, हेही सांगायला हवं. निव्वळ द्राक्षापासून गाळलेली ब्रँडी आपल्याकडेही होते. ओळखायची असेल तर बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायची. ‘ग्रेप ब्रँडी’ असं स्वच्छ लिहिलं असेल तर घ्यावी. ‘ब्लेंडेड’, ‘न्यूट्रल स्पिरिट’ किंवा ‘स्वाद घातलेला आहे’ असं दिसलं तर काय घेतोय ते समजून घ्यावी. तिकडचे लोकही अगदी सोवळे नाहीत. रंग सारखा दिसावा म्हणून कॅरॅमल आणि चव गोलसर व्हावी म्हणून थोडी साखर घालायची कोन्याकलाही मुभा आहे. त्यामुळे नुसता गडद रंग बघून ‘जुनी दिसते’ म्हणणारा माणूस दोन्हीकडे फसतो.

फरक नाकाने तपासायचा असेल तर दोन छोट्या ग्लासांत चमचा-चमचा ओता आणि वास घ्या. स्वाद घातलेली ब्रँडी इथे बाजी मारते. व्हॅनिला, जळकी साखर, बेदाणा, सगळं एकदम अंगावर येतं. कोन्याक त्यामानाने गप्प वाटेल. आता दोन्हींत तेवढंच साधं पाणी घाला आणि दहा मिनिटं थांबा. पहिल्या ग्लासातला गोडवा विरतो आणि खालून नाकात टोचणारं स्पिरिट वर येतं. दुसऱ्या ग्लासात उलटं होतं. जर्दाळू, सुकलेली फुलं, ओलं लाकूड असं एकेक करून उलगडत जातं.

सायडकारमध्ये हाच फरक उघडा पडतो. कोलात किंवा पंचमध्ये कोणतीही ब्रँडी खपून जाते, कारण लपायला जागा पुष्कळ असते. सायडकारमध्ये तीनच गोष्टी असतात: कोन्याक, संत्र्याचं लिकर (संत्र्याच्या वासाचं गोड मद्य) आणि लिंबाचा रस. ना सोडा, ना दूध. लिंबाची आंबटाई वरवरचा गोडवा कापून काढते. खाली द्राक्ष असेल तर ते दिसतं, नसेल तर काहीच दिसत नाही.

हे पेय पॅरिसचं की लंडनचं, यावर दोन्ही शहरं भांडतात. कृती छापील स्वरूपात आली ती १९२२ मध्ये, आणि ठिकाण कोणतंही असलं तरी त्या बारमन लोकांच्या डोळ्यांसमोर फ्रेंच बाटलीच होती. पॅरिसची रीत तिन्ही गोष्टी समसमान घ्यायची, ती मला फार गोड लागते. लंडनमध्ये पुढे दोन भाग ब्रँडी आणि इतर दोन्ही एकेक भाग अशी रीत बसली. घरी करायला आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं माप सोयीचं: ५० मिलि कोन्याक, २० मिलि संत्र्याचं लिकर, २० मिलि लिंबाचा रस. कोन्याक व्हीएस किंवा व्हीएसओपी पुरे. हेनेसी, मार्टेल, रेमी मार्टिन, जे हाती लागेल ते. कोल्हापुरात न मिळाल्यास परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला सांगून ठेवा, विमानतळावरून माणशी २ लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते. एक्सओ यात ओतणं म्हणजे पैशाची नासाडी, ती नुसती प्यावी.

लिकरमध्ये क्वांत्रो उत्तम. ती ४० टक्क्यांची आणि फारशी चिकट नसलेली. ट्रिपल सेक हेही संत्र्याचंच लिकर, पण स्वस्तातली बऱ्याचदा सौम्य आणि जास्त गोड असते, ती घेतली तर १५ मिलिवर थांबा. काहीच नसेल तर दोन संत्र्यांची वरची केशरी साल सोलून ५० ग्रॅम साखरेत चुरून चार-पाच तास झाकून ठेवा. सालीतलं तेल साखरेत उतरतं. दोन-तीन चमचे कोमट पाण्यात ती विरघळवली की कामचलाऊ पाक तयार. त्यात अल्कोहोल नाही, त्यामुळे पेय मवाळ होईल, पण वास खरा असतो.

लिंबाचा मुद्दा कोणी फारसा बोलत नाही. मूळ कृतीतलं लिंबू म्हणजे ते मोठं, पिवळं, जाड सालीचं विलायती लिंबू. कपिलतीर्थ मंडईत मिळतं ते आपलं कागदी लिंबू. हे जास्त झणझणीत आणि त्याच्या वासात हिरवटपणा, सायडकारला सरबताकडे ओढणारा. उपाय साधा आहे. पिवळी पडलेली, पिकलेली लिंबं निवडायची, हलक्या हाताने पिळायची म्हणजे सालीचा कडूपणा उतरत नाही, आणि २० ऐवजी १५ मिलि रसाने सुरुवात करून चव बघत वाढवायचा.

शेकर नसला तरी अडत नाही. घट्ट झाकणाची रुंद तोंडाची स्टीलची बाटली चालते. तीनही गोष्टी ओतायच्या, फ्रीझरमधला कडक बर्फ काठोकाठ भरायचा आणि १२ ते १५ सेकंद जोरात हलवायचं. बाटली हाताला बोचेल इतकी गार झाली की थांबायचं. चहाच्या गाळणीतून थंड केलेल्या ग्लासात गाळायचं. कडेला साखर लावण्याची चाल ही न्यू ऑर्लिन्सच्या एका जुन्या ब्रँडीच्या पेयाची आठवण. लावायचीच तर अर्ध्या कडेलाच लावा, म्हणजे पिणाऱ्याला निवड राहते. साखरेऐवजी गुळाची पूड लावायची हौस कोल्हापुरात येणारच. चव वाईट लागत नाही, पण गूळ द्राक्षाला दाबून टाकतो.

दिसायला नाजूक ग्लास, म्हणून फसू नका. वरच्या मापात निव्वळ अल्कोहोल २८ मिलि जातं, म्हणजे ३० मिलिच्या दोन छोट्या पेगांपेक्षाही थोडं जास्त. आणि हो, महाराष्ट्रात हे सगळं वयाची २५ वर्षं पूर्ण झालेल्या परवानाधारकांसाठीच.

घरात स्वादाची ब्रँडीच असेल आणि तरी सायडकारच हवा असेल तर ५० मिलि ब्रँडीला लिकर १० मिलिवर आणा, लिंबू २० ठेवा, आणि असल्यास बिटर्सचे (कडवट, मसालेदार अर्काचे) दोन थेंब टाका. गोडवा ब्रँडीतच आहे, वरून आणखी नको. जे होईल ते बरं लागेल, सायडकारचा चुलतभाऊ म्हणता येईल.

आपल्याकडे ब्रँडीची बाटली कपाटात असते ती मुळात सर्दीसाठी. तान्ह्या बाळाच्या छातीला ती चोळायची रीत अजून अनेक घरांत आहे. ती सोडून द्यावी, मग बाटली फ्रान्सची असो नाहीतर इथली. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून ऊब वाटते, प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर पडते, आणि बाळाच्या कोवळ्या कातडीतून अल्कोहोल आत शिरू शकतं.

मोठ्यांनी थंडीच्या रात्री ती प्यायचीच तर मात्र इथल्या ब्रँडीला तोड नाही. ९० मिलि पाण्यात आल्याच्या चार चकत्या आणि चमचाभर गूळ उकळायचा, गॅस बंद करायचा, वाफ जरा ओसरली की ३० मिलि ब्रँडी आणि लिंबाचे थोडे थेंब. व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा जो वास सायडकारमध्ये नकोसा होतो, तो गुळाशी आणि आल्याशी छान जुळतो. यात कोन्याक घालू नका. तिचा लाकडाचा आणि फुलांचा वास आल्यापुढे टिकत नाही आणि महागाची बाटली फुकट जाते.