शाळेसाठी फाउंडेशनचा निधी मागायचाय? मग आधी पासबुक काढा

परवा आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी चोपड्याकडच्या एका मॅडमनी विचारलं, सर तुमच्या शाळेला ती पुस्तकं आणि अहिराणी गोष्टींचा प्रोजेक्ट कुठून मिळाला, आम्हालाही फॉर्म द्या ना. मी म्हटलं मॅडम फॉर्म देतो, दोन पानांचाच आहे, पण आधी सांगा तुमच्या शाळेचं पासबुक कोणाच्या नावाचं आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणून हे लिहायला घेतलं, कारण हाच प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि त्यात आमचं एक अख्खं वर्ष गेलं.

झालं असं की एका फाउंडेशनने आमचा पहिला अर्ज मंजूर केला होता, फोन पण आला, सगळे खूश, आणि मग त्यांनी कॅन्सल चेक मागितला. खातं निघालं जुन्या ग्रामशिक्षण समितीच्या नावाचं! सहीचे अधिकार माजी अध्यक्षांचे, जे मुलाकडे सुरतला राहायला गेलेले, यूडायसवर (शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीवर) शाळेचं नाव एक, पासबुकावर दुसरं, ठरावाच्या लेटरहेडवर तिसरंच. खातं दुरुस्त करेपर्यंत मार्च उलटला, त्यांचं आर्थिक वर्ष संपलं, पैसे गेले. त्या फाउंडेशनची चूक नव्हती, आमचीच होती.

तर आधी हा निधी कशाचा असतो ते बघू. भिंतीला रंग, पत्रे, संडास दुरुस्ती, खडू-झाडू यासाठी हा पैसा मागू नका, मागितला तरी बहुतेक ठिकाणी मिळत नाही. त्यासाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान आहे, पटावर ठरतं, ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. ग्रंथालयासाठी पण वेगळे येतात, पहिली ते पाचवीला ५ हजार, पहिली ते आठवीला १३ हजार. हे पैसे वेळेवर येतात का आणि पूर्ण येतात का हा वेगळा विषय, त्यावर आत्ता बोलत नाही. पण देणारा माणूस हुशार असतो, जे सरकार देतं तेच तुम्ही परत मागितलं तर तो विचारणारच.

फाउंडेशनला द्यायचं असतं ते पुस्तकाबाहेरचं. वाचनकट्टा, विज्ञानाची प्रयोगपेटी, नाटक, चित्रकला, बुद्धिबळ, दुर्बिणीतून आकाश बघणं, परसबाग, क्षेत्रभेट. आमच्या पोरांनी काय केलं, आपापल्या आजीकडून अहिराणी गोष्टी, कोडी आणि कानबाईची (आपल्या खान्देशातल्या देवीची) गाणी ऐकून वहीत उतरवली आणि त्याचं छोटं पुस्तक छापलं. तळोदा-धडगावकडे हेच भिलोरी किंवा पावरी या आदिवासी बोलींत करता येईल, तिथे तर पहिलीत येणाऱ्या पोराला मराठीच परकी वाटते, त्यामुळे तिथल्या अर्जात जास्तच वजन आहे. रावेर-यावलचे लोक पाल आणि यावल अभयारण्याची क्षेत्रभेट लिहू शकतात. गावात जे आहे ते घ्या, पुण्याच्या शाळेची नक्कल केलेला अर्ज लगेच ओळखू येतो.

आता देतं कोण. एक तर कंपन्यांचा सीएसआर. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते, आणि शिक्षण त्या यादीत आहे. त्याच कायद्यात असंही लिहिलंय की कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं. हे वाक्य आपल्या कामाचं! म्हणून मुंबईच्या पत्त्यावर अर्ज पाठवत बसण्याआधी शाळेच्या आजूबाजूला पंचवीस-तीस किलोमीटरात काय आहे ते बघा, जळगावची एमआयडीसी, नरडाणा, नवापूर, साक्रीकडचे पवनचक्की आणि सोलरवाले. अर्जात पहिल्याच ओळीत लिहा की आमची शाळा तुमच्या प्रकल्पापासून इतक्या किलोमीटरवर आहे.

दुसरे म्हणजे ट्रस्ट आणि फाउंडेशन, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले, काही उद्योजक घराण्यांचे, काही गावातून बाहेर जाऊन मोठे झालेल्या लोकांचे. आपल्याकडे याला जुनी परंपरा आहे. अमळनेरला प्रताप शेठजींच्या देणग्यांवर शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, आणि विप्रोची सुरुवात पण १९४५ साली त्याच अमळनेरात तेलाच्या कारखान्यातून झाली. म्हणजे खान्देशात पैसा निघत नाही असं म्हणू नका. तिसरं, रोटरी-लायन्ससारखे क्लब आणि माजी विद्यार्थी, इथे कागद कमी लागतात, रक्कमही लहान असते, पण पहिल्यांदाच करत असाल तर मी म्हणेन इथूनच सुरुवात करा.

सरकारची दत्तक शाळा योजना सप्टेंबर २०२३ ला आली, तिच्यात आणि यात गोंधळ करू नका. ती मोठ्या देणगीदारांसाठी आहे, ग्रामीण शाळेसाठी ५ वर्षांना ५० लाख किंवा १० वर्षांना १ कोटी असं मूल्य धरलंय, आपण बोलतोय पन्नास हजार-लाखाच्या कामाबद्दल. आणि केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे, शाळेचा ११ अंकी यूडायस नंबर टाकून नोंदणी होते, तिथे रोख पैसे मिळत नाहीत, वस्तू किंवा स्वयंसेवक मिळतात. पण नोंदणी करून ठेवा, फुकट आहे, आणि तुमची गरज तिथे आधीपासून टाकलेली असली की देणाऱ्याला दाखवता येते.

पात्रतेचं बघायचं तर शाळा जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेची असावी, यूडायस चालू असावा, पट खरा असावा, आणि शाळा व्यवस्थापन समिती जिवंत असावी. जिवंत म्हणजे कागदावर नाही, खरोखर बैठका होणारी. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला लागतात. काही फाउंडेशनवाले सरळ गावात येऊन एखाद्या सदस्य ताईंना विचारतात की तुम्हाला या प्रोजेक्टबद्दल काय माहिती आहे. आमच्याकडे विचारलं होतं. मंगलाताई (नाव बदललंय) म्हणाल्या, मले बठ्ठं माहीत शे, मन्ही सासूनीच त्या गाना सांग्यात (मला सगळं माहीत आहे, माझ्या सासूनेच ती गाणी सांगितली). तिथेच अर्धं काम झालं.

आता पैसे कोणाच्या खात्यात, हा मुख्य मुद्दा. तीन रस्ते आहेत. पहिला, शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात, अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या संयुक्त सहीचं. पण समग्र शिक्षाचं जे सरकारी निधीचं खातं आहे त्यात हे पैसे घेऊ नका, ते वेगळं राहू द्या, नाहीतर हिशेब देताना ऑडिटला तोंड द्यावं लागतं. काही फाउंडेशन समितीचा पॅन मागतात आणि बऱ्याच समित्यांकडे तो नसतोच, मग हा रस्ता बंद. दुसरा रस्ता, पैसे न घेता वस्तू घ्यायच्या, म्हणजे फाउंडेशन दुकानदाराला परस्पर बिल देतं आणि शाळेला पुस्तकं-पेट्या येतात. लहान शाळेसाठी मला हाच बरा वाटतो, डोकेदुखी कमी. तिसरा, एखाद्या संस्थेमार्फत. सीएसआरचा पैसा असेल तर त्या संस्थेकडे १२ए, ८०जी (या दोन्ही आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि कंपनी मंत्रालयाची सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि संस्था कंपनीची स्वतःची नसेल तर किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव. कोणी संस्थावाला भाऊ आला आणि म्हणाला मी निधी आणून देतो फक्त ठराव द्या, तर आधी हे तीन कागद मागा. नसतील तर नमस्कार करा, चहा पाजा, ठराव देऊ नका.

परदेशी पैशाचं पण सांगून ठेवतो. अमेरिकेतला गावचा पोरगा म्हणतो मी तिकडच्या ट्रस्टकडून डॉलर पाठवतो, तर थांबा. एफसीआरए म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी नसलेल्या खात्यात परदेशी देणगी घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्था ते पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ पण शकत नाही. त्याला सांगा, बाबा सुट्टीत ये आणि पोरांना चार दिवस शिकव.

कागदपत्रं: समितीचा ठराव, त्यात प्रोजेक्टचं नाव, रक्कम आणि खाते क्रमांक स्पष्ट लिहिलेला, तारीख अर्जाच्या आधीची, आणि हजर सदस्यांच्या सह्या, अंगठे असतील तर अंगठे. यूडायस रिपोर्ट कार्डची प्रिंट. मुख्याध्यापकांचं पटाचं प्रमाणपत्र. पासबुकाचं पहिलं पान आणि कॅन्सल चेक. गटशिक्षणाधिकाऱ्यांचं शिफारस किंवा ना हरकत पत्र, हे केंद्रप्रमुखांमार्फत जातं, पंधरा दिवस धरून चाला, मार्चमध्ये तर महिना. खर्चाचा तक्ता आणि मोठ्या वस्तूंची तीन कोटेशनं. शाळेचे चार-पाच फोटो, त्यात पोरांचे चेहरे असतील तर पालकांची लेखी संमती. बस. आणि सगळ्या कागदांवर शाळेचं नाव अगदी एकसारखं, यूडायसवर जसं आहे तसंच, प्राथ. की प्राथमिक, केंद्रशाळा की नुसती शाळा, एका अक्षराचा पण फरक नको.

आता अर्ज लिहायचा. आपली सवय असते की "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की" पासून सुरू करायचं आणि अर्धं पान शाळेच्या गरिबीवर. वाचणारा रोज असे पन्नास वाचतो. साधं लिहा: किती पोरं, कोणत्या इयत्ता, आत्ता काय होत नाही, आम्ही कोणत्या महिन्यात काय करणार, कोण करणार, शेवटी हातात काय येणार. "मुलांचा सर्वांगीण विकास होईल" हे वाक्य खोडून टाका, त्याऐवजी "चौथी-पाचवीतली ३८ मुलं प्रत्येकी एक गोष्ट लिहितील आणि १०० प्रती छापू" असं लिहा.

खर्चाच्या तक्त्यात गोल आकडे नको. क्षेत्रभेट असेल तर एसटीची शैक्षणिक सहलीची ५० टक्के सवलत धरून भाडं लिहा, डेपोतून लेखी घ्या, खाजगी गाडीचे पूर्ण पैसे लावले की ते सवलतीचं विचारतात. सहलीची परवानगी शिक्षण विभागाकडून वेगळी लागते, ती निधी मिळाल्यावर नाही, आधीच विचारून ठेवा. आणि गावाचा वाटा दाखवा, लोकवर्गणी म्हणा की शैक्षणिक उठाव म्हणा, रोखच पाहिजे असं नाही. आमच्या गावातल्या सुतार नानांनी पुस्तकं ठेवायची लाकडी मांडणी मजुरी न घेता करून दिली, ती मजुरी आम्ही गावाचा वाटा म्हणून तक्त्यात लिहिली आणि फाउंडेशनने ती मान्य केली. पेसा कायद्यातल्या (आदिवासी क्षेत्रातल्या) गावात असाल, अक्कलकुवा, धडगाव वगैरे, तर ग्रामपंचायतीच्या ५ टक्के अबंध (कशावर खर्चायचा ते गाव ठरवतं अशा) निधीतून काही वाटा निघतो का ते ग्रामसभेत विचारून बघा.

इथलं वेळापत्रक बाहेरच्या माणसाला कळत नाही म्हणून आपणच लिहायचं. दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं निघतात, चाळीसगाव-पारोळ्याकडून, नंदुरबारातून गुजरातकडे, आणि पट एकदम रिकामा होतो. मार्चपासून ऊन असं की सकाळची शाळा. म्हणून प्रोजेक्टचा गाभा जुलै ते ऑक्टोबरमध्ये बसवा, श्रावणात कानबाई आणि पोळा असतोच, गोष्टी-गाणी गोळा करायला तर तेच दिवस चांगले. त्यासाठी अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत जायला पाहिजे, कंपन्यांचा पुढच्या वर्षाचा आराखडा तेव्हा ठरत असतो, जूनमध्ये शाळा उघडल्यावर लिहायला बसलात की उशीर झालेला असतो.

पैसे किंवा वस्तू आल्यावर त्याच दिवशी नोंद, पैसे किर्दीत, वस्तू साठा नोंदवहीत. प्रत्येक बिल शाळेच्या नावाचं, जीएसटी असेल तर नंबरसकट, आणि दुकानदाराला चेकने किंवा ऑनलाइन, रोख नाही. काम झालं की विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याचं), बिलांच्या झेरॉक्स, फोटो आणि एक पान अहवाल. पैसे उरले तर कळवा, परत करायचे का वापरायचे ते त्यांना ठरवू द्या, परस्पर पंखा घेऊ नका. आमचे १,१४० रुपये उरले होते, आम्ही लेखी विचारलं, त्यांनी सांगितलं पुस्तकांना कव्हर घाला.

नकार आला तर कारण विचारणारा मेल करा, बरेच जण सांगतात. बऱ्याचदा "या वर्षी आमचा विषय आरोग्य आहे" असलं काहीतरी असतं, तुमच्या अर्जात खोट नसते, तोच अर्ज तारीख आणि ठराव बदलून दुसरीकडे टाकता येतो.

मॅडमचं पासबुक मी पाहिलं शेवटी. समितीच्याच नावाचं आहे, पण अध्यक्ष बदलून दोन वर्षं झाली आणि बँकेत सही जुन्याचीच. सोमवारी समितीची बैठक लावलीये, विषय क्रमांक एक, खात्यावरील स्वाक्षरी बदल.