उन्हाळ्यात वीज गेली तर इन्व्हर्टर कशासाठी राखून ठेवाल?

आमच्या दुकानात इन्व्हर्टर घेताना बहुतेक ग्राहक पहिल्यांदा विचारतात, "टीव्ही चालेल ना? फ्रिज चालेल ना?" उष्णतेच्या लाटेत हे प्रश्न बाजूला ठेवा. तेव्हा बॅटरीतली वीज आधी माणसांची अंगं निववायला आणि औषधोपचाराच्या यंत्रांना लागते. टीव्ही त्यानंतर, उरली तर.

वीज नेमकी तेव्हाच का जाते

कडक उन्हाळ्यात शहरभर एसी एकदम चालू असतात. रात्रीही हवा गार होत नाही, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आणि जमिनीखालच्या केबली तापलेल्याच राहतात. त्यांचं इन्सुलेशन, म्हणजे तारांवरचं संरक्षक आवरण, कमजोर होतं आणि भर रात्री लाईट जाते. काँक्रीटच्या इमारती दिवसभर साठवलेली उष्णता त्याच वेळी घरात सोडत असतात. गच्चीखालच्या मजल्याला याचा सर्वांत जास्त त्रास. १९९५च्या जुलैत शिकागोत आलेल्या लाटेत सातशेहून अधिक माणसं दगावली, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका जास्त असल्याचं नंतर आढळलं. २०१७ साली फ्लोरिडात चक्रीवादळामुळे एका वृद्धाश्रमातला एसी बंद पडला, तेव्हा तिथल्या १२ जणांचा मृत्यू झाला.

बहुमजली इमारतीत वीज गेली की लिफ्ट थांबते आणि पाण्याचा पंपही. वरच्या मजल्यावरचे वयस्कर लोक खाली येऊ शकत नाहीत आणि टाकीतलं पाणी संपत जातं. म्हणून लाटेचा इशारा आला की पिण्याचं पाणी वेगळं आणि अंग पुसण्याचं वेगळं भरून ठेवा.

बॅकअपचा खरा हिशेब

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास (वॅट गुणिले तास) देते. ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज वाया जाते. नवीन बॅटरीतून साधारण १००० वॅट-तास हाती येतात असं धरा. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो. दोन पंखे आणि १० वॅटचे दोन दिवे मिळून १७० वॅट, म्हणजे जेमतेम सहा तास. तेच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, असतील तर प्रत्येकी ३० वॅट, एकूण ८० वॅट आणि बारा तास. म्हणून दुसरी बॅटरी मागणाऱ्या ग्राहकाला आम्ही आधी पंखे बदलायला सांगतो. दीड टनाचा एसी १५०० वॅटच्या आसपास घेतो. तो या बॅटरीवर पाऊण तासाच्या वर टिकत नाही आणि घरगुती इन्व्हर्टर बहुधा ओव्हरलोड होऊन त्याआधीच बंद पडतो.

लोक विसरतात ते चार्जिंग. रिकामी झालेली १५० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. दुपारी वीज चार तास गेली, मध्ये दोन तास आली आणि रात्री पुन्हा गेली, तर रात्रीच्या वाट्याला अर्धी बॅटरीसुद्धा येत नाही. दुपारी हात आखडता घ्या. सगळं घर इन्व्हर्टरवर टाकू नका. गच्चीपासून लांब आणि पश्चिमेचं ऊन न येणारी एक खोली निवडा आणि रात्री सगळे तिथेच झोपा. त्या खोलीचं सर्किट वेगळं काढून देता येतं, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

उन्हाळ्याआधी एकदा चाचणी घ्या. बॅटरी पूर्ण भरलेली असताना मेन स्विच बंद करा, नेहमीचा लोड चालू ठेवा आणि अलार्म कधी वाजतो ते पाहा. तीन-चार वर्षं जुन्या बॅटरीचा आकडा सहसा निराश करतो.

बॅटरीलाही ऊन लागतं

तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिलं तर लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. ती उन्हाच्या बाल्कनीत ठेवू नका. हवा खेळेल अशी जागा हवी, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि तो साठला तर पेट घेतो. कपाटात कोंडू नका, जवळ मेणबत्ती नको. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाण्याची पातळी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर आणि खुणेपर्यंतच. नळाचं पाणी किंवा अ‍ॅसिड कधीही नाही. सडक्या अंड्यासारखा वास आला तर बॅटरी जास्त चार्ज होते आहे. चार्जिंग बंद करा, खिडक्या उघडा आणि आम्हाला बोलवा.

पंखा कधी पुरत नाही

घाम वाळला की अंग निवतं, आणि पंखा तेच काम वेगानं करतो. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो. तेव्हा हात, मान आणि पाय ओले करा, ओला कपडा अंगावर घ्या आणि मग पंख्याखाली बसा. हवा दमट असेल तर पाणी वाळतच नाही. अशा वेळी गार पाण्यात पाय बुडवून बसणं किंवा गार पाण्याची आंघोळ हाच उपाय. खिडक्या कधी उघडायच्या ते अंदाजानं ठरवू नका. आत आणि बाहेर एकेक थर्मामीटर ठेवा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की उघडा, वर गेला की लावून घ्या.

वयस्करांना तहान कमी जाणवते. लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पाणी आणि मीठ किती घ्यायचं ते उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, आकडी आली किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका: कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा तापाचा आजार नव्हे.

यंत्रं आणि औषधं

मिनिटाला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र) ३०० ते ३५० वॅट घेतो, म्हणजे वर सांगितलेल्या बॅटरीवर तीन तासांच्या आसपास. त्यामुळे सिलिंडर जवळ हवाच. सिलिंडरमधले लिटर भागिले मिनिटाचा प्रवाह, इतकी मिनिटं तो पुरेल: ६८० लिटर मिनिटाला दोन लिटरच्या प्रवाहावर ३४० मिनिटं. सीपॅपचा (झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा) ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा भाग, बंद केला तर वीज बरीच वाचते. अशा यंत्रांना शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे मेनसारखी वीज देणारा, इन्व्हर्टर लावा. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा नुसता घूं-घूं आवाज करतो, पण वैद्यकीय यंत्र बिघडू शकतं.

फ्रिज उघडला नाही तर साधारण चार तास गार राहतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वीज लांबली तर ते थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वापरू नये.

जनरेटर असेल तर

तो घरात, बाल्कनीत किंवा जिन्यात कधीच चालवू नका. बाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. डोकेदुखी, चक्कर आणि मळमळ ही त्याची लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच असतात, त्यामुळे लोक पाणी पिऊन तिथेच पडून राहतात. जनरेटर चालू असताना घरातल्या एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखू लागलं, तर सगळ्यांना आधी बाहेर काढा.

वीज गेल्या गेल्या एसी आणि फ्रिजचे स्विच बंद करा. ती परत येते तेव्हा व्होल्टेज वरखाली होतं आणि सगळ्यांचे एसी एकदम सुरू झाल्यामुळे ती पुन्हा जातेही. पाच-दहा मिनिटं थांबून आधी फ्रिज आणि मग एसी लावा.